अवसेचं तेल

संशोधन म्हणण्यासारखं काम मी आयुष्यात एकदाच केलं. तेही बी.ए.ला असताना, सरांनी सक्ती केली म्हणून, आणि अर्धंअधिक दुसऱ्यांच्या जिवावर. पुढं शाळेत इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला, मुलांच्या कैक पिढ्यांना सनावळ्या पाठ करायला लावल्या. पण त्या एका हिवाळ्यात मी जे पाहिलं, ते मला कुठल्याच सनावळीत बसवता आलं नाही. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. म्हातारा झाला म्हणून हळवा झाला, असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

बेळगावात कॉलेज निघून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी कंग्राळीहून रोज चालत जायचो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळं नाक कायम वर. धोतरावर कोट चढवून, काखेत दोन पुस्तकं मारून शिवारातून निघालो की भांगलणाऱ्या बायका "सायेब निघालं गं" म्हणून हसायच्या. त्या चेष्टा करतात हे कळायला मला दोन वर्षं लागली.

इतिहासाचे सर धारवाडकडचे होते. घरी कन्नड, वर्गात इंग्रजी आणि आमच्याशी मराठी. तेही सावकाश, एकेक शब्द पारखून घेतल्यासारखं. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी आणि रसायनाच्या सरांनी मिळून एक नवीनच टूम काढली. शास्त्राचा असो वा कलेचा, प्रत्येक विद्यार्थ्यानं एक निबंध लिहायचा, पण पुस्तकातून नाही. आपल्या गावात, आपल्या घरात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. "लायब्ररीतलं एक वाक्य सापडलं तरी निबंध परत," असं त्यांनी बजावलं. आमचे चेहरे उतरले. पाठ करणं हीच आमची सगळी विद्या होती, आणि तीच नेमकी काढून घेतली होती.

हळूहळू एकेकाला काहीतरी सुचत गेलं. कुणी आपल्या गल्लीतल्या विहिरींचं पाणी दर आठवड्याला दोरी सोडून मोजायला लागला. निपाणीचा एक गडी शेतात सुकत पडलेलं तंबाखूचं पान पहाटेच्या दवानं किती मऊ झालं म्हणजे चुरा न होता उचलता येतं, ते लिहिणार होता. वर्गात एकच मुलगी होती, तिनं जात्यावरच्या ओव्या उतरून घ्यायचं ठरवलं, तेव्हा आम्ही दात काढले होते. पुढं तिची वही ऐकली आणि दात मिटले. मला मात्र काही सुचेना. शेवटी सरांनी विचारलं, "तुमच्या शेतात काय आहे?" मी म्हणालो, "काही नाही सर. ज्वारी आहे, करडी आहे, आणि बांधावर एक दगड आहे."

"कसला दगड?"

"देव आहे आमचा. कमरेइतका उंच, काळाकुट्ट. वर चंद्रसूर्य आणि गाय-वासरू असावं असं वाटतं, पण तेलाच्या थरानं नीट दिसत नाही."

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. "अशा दगडावर चंद्रसूर्य असले की खाली अक्षरं असतात," ते म्हणाले.

झालं. मला विषय मिळाला, आणि मी हवेत गेलो. शिवकाळातला लेख असणार, मराठीत असणार, कदाचित आमच्याच कुळाचं नाव त्यात असणार, असा अर्धा निबंध मी कॉलेजातून घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात लिहूनही टाकला.

आई अंगणात जोंधळे पाखडत होती. मी सांगितलं, "बांधाच्या देवावर अक्षरं असतील म्हणं. वरचा थर काढून बघायचाय."

तिचं सूप थांबलं. "देवाला खरवडणार?"

"खरवडणार न्हाय. धुणार."

"आन् अक्षरं निगाली तर?"

"तर त्यो देव नसंल. लेख असंल."

किती सहज बोलून गेलो मी! त्या वेळच्या माझ्या कानाखाली आज एक द्यावीशी वाटते. कारण त्या दगडाचं आणि माझं नातं मला पाठ होतं. माझ्या आधीची दोन भावंडं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. मी झालो तेव्हा आईनं मला सव्वा महिन्याचा असताना उचलून बांधावर नेलं, त्या दगडाच्या पायाशी ठेवलं आणि दगडाला सांगितलं, ह्यो तुजा, म्या निस्ती राखणदार. तेव्हापासून एकही अवस चुकली नव्हती. दर अमावस्येला, दिवस मावळायच्या आधी, वाटीभर करडीचं तेल घेऊन ती बांधावर जायची आणि दगडाच्या माथ्यावर ओतून यायची. ताप असो, पाऊस असो.

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुला त्येच्या पायावर घातलंतं. त्यो देव न्हाय ठरला, तर मग तुला राखला कुणी रं?"

मी काखेतली दोन पुस्तकं नुसती या काखेतून त्या काखेत घेतली. आप्पा, म्हणजे माझे वडील, गोठ्यातून ओरडले, "धोंडा धुऊन बी.ए. हुतंय व्हय? मग म्हशी धुऊन म्या कवाच बी.ए. व्हाय पायजे हुतो!"

दोन दिवस आईनं विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी ताटात भाकरी टाकताना म्हणाली, "धू. पर एक कबूल कर. त्यात काय बी निगू दे, पैल्यांदा मला कळाय पायजे. तुज्या मास्तराच्या बी आधी. आन् खरं सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून कायबाय न्हाय." मी मान हलवली. तिच्या डोळ्यांकडं बघवलं नाही.

पहिल्या दिवशी मी एकट्यानंच झटापट केली. ऊन पाणी आणि काथ्या घेऊन तासभर घासलं, तर देव अधिकच चकाकायला लागला. घाई नडली. सरांनी ठसा घ्यायचा कागद आणि शाई दिली होती, ती मी थरावरच वापरून पाहिली. तेलावरून शाई ओघळली, कागदाचा लगदा झाला आणि माझा एकुलता एक कोट बरबटला.

दुसऱ्या दिवशी तो डागाळलेला कोट घालून कॉलेजात गेलो, तेव्हा वडगावचा माझा एक मित्र पोट धरून हसला. तो शास्त्राच्या बाजूचा, घर विणकराचं. त्याच्या घरी साड्या विणायचे, आणि कच्चं रेशीम मऊ कसं होतं यावर तो स्वतःचा निबंध करत होता. हसून झाल्यावर त्यानं विचारलं, "तेल कसलं?"

"करडीचं."

"मग ते तेल राहिलं न्हाय आता. वाळून त्येचं घट्ट रोगण झालंय. काथ्यानं काय हुतंय? आमच्यात रेशमाचा चिकटा काढाय सोडाखाराच्या पाण्यात उकळतात. तुज्या देवाला बी तेच पायजे."

रविवारी तो भलंमोठं गाठोडं घेऊन आला. बांधाशेजारी तीन दगड मांडून आम्ही हंडा चढवला, पाण्यात खार टाकला, जुनी धडपी त्यात भिजवून काठीनं उचलली आणि दगडाला गुंडाळली. थंड झाली की काढायची, पुन्हा गरम बांधायची. तासाभरानं धडप्यांच्या कडेनं पांढरट बुडबुडे यायला लागले. मग फेसच. तेवढ्यात आई भाकरी घेऊन आली. तिच्या हातातली बुट्टी खाली गेली.

"आगं बाई गं, देवाच्या तोंडाला फेस आला!"

ती मटकन खाली बसली आणि हात जोडून माफी मागायला लागली. मी हातातली काठी टाकून मागं सरलो. मित्र मात्र आनंदानं नाचायचा बाकी होता. "मावशी, साबण झालाय हो! तेल आणि खार एकत्र आलं की साबण हुतोय. पुस्तकात वाचलंतं, आज बघितलं! देव आपल्याच तेलाच्या साबणानं अंगूळ करालाय." आईला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण ती उठून गेलीही नाही. बांधावर बसून राहिली.

आम्ही बांबूच्या कामट्या घेऊन बसलो. लोखंड लावायचं नाही, हे मित्रानंच ठरवलं. वरचा थर डांबरासारखा, त्याखालचा काकवीसारखा, त्याखाली मधाच्या रंगाचा. एकावर एक, एकावर एक. किती अवसा त्या! मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. आईच्या हातचं तेल सगळ्यात वर असणार. त्याखाली तिच्या सासूचं, म्हणजे माझ्या आज्जीचं. त्याखाली कुणाचं, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि मग कामटीखाली निळसर दगड लागला, आणि त्या दगडात एक अक्षर.

कडबोळ्यासारखं गोल, टोकाला वळलेलं. धार अशी की कोरणारा नुकताच छिन्नी ठेवून पाणी प्यायला गेला असावा. उन्हापावसात उघडे पडलेले दगड मी पुढं खूप पाहिले. त्यांच्यावरची अक्षरं बोटांनी चाचपडत शोधावी लागतात. इथं एकाशेजारी एक, ओळीखाली ओळ, स्वच्छ निघत होती. मित्र पुटपुटला, "तेलानंच राखलीत ही." आम्ही कामट्या पुढं चालवत राहिलो. हाताची बोटं खारानं सोलवटली होती, ते घरी गेल्यावर कळलं.

अक्षरं मराठी नव्हती. बाजारातल्या पाट्या वाचण्याइतकं कन्नड मला येत होतं, आणि ही त्याच घराण्यातली, पण कितीतरी जुनी होती. वाटेत लिहिलेला माझा अर्धा निबंध तिथंच संपला. खरं सांगायचं तर थोडा हिरमुसलो. पण ते फार टिकलं नाही. आपल्या बांधावर, आपल्या करडीच्या तेलाखाली, कुणीतरी इतका काळ आपल्याला वाचता न येणारं काहीतरी सांगत उभं आहे, या विचारानं मी पुन्हा कामटी उचलली.

ठसा घ्यायलाही मित्राच्या घरचंच अवजार उपयोगी पडलं. ताण्याला खळ लावायचा गवताच्या मुळ्यांचा मोठा कुंचा त्यानं गाठोड्यातून काढला. ओला कागद दगडावर पसरायचा आणि त्या कुंच्यानं ठोकत राहायचं, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत उतरतो. मग वरून शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. सपाट भाग काळा होतो आणि खाचेतली अक्षरं पांढरी राहतात. दोन कागद फाटले. तिसऱ्यावर काळ्याभोर पाटीवर कुणीतरी आतून खडूनं लिहावं तशी अक्षरं उमटत गेली. आई मागं येऊन उभी होती. "काय म्हणतंय?" तिनं विचारलं. "मला न्हाय वाचाय येत," मी म्हणालो. कॉलेजात जायला लागल्यापासून हे वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदाच बोललो.

सोमवारी कागदाची गुंडाळी घेऊन कॉलेजात गेलो. सरांनी हात पुढं केला. मी गुंडाळी काखेत घट्ट दाबली. "सर, आधी आईसमोर वाचायचं. तसं कबूल केलंय."

वर्ग फिदीफिदी हसला. सर हसले नाहीत. त्यांची नजर माझ्या काखेतल्या कागदावरून हलत नव्हती. त्या माणसाला तो किती हवा होता, हे मला तेव्हा कळलं. तरी ते म्हणाले, "बरोबर आहे. दगड त्यांचा आहे. मी रविवारी येतो."

तो आठवडा वाईट गेला. आई बांधाकडं फिरकली नाही. मला काही विचारलंही नाही. फक्त एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा, आणि मला कागद चुलीत घालावासा वाटला. निबंध गेला खड्ड्यात, असं मी मनाशी शंभरदा म्हटलं असेल. पण खरं सांगायचं, हेही मीच कबूल केलं होतं.

रविवारी सकाळी सर सायकलवरून आले. आप्पांनी घोंगडं टाकलं. सरांनी कागद सोप्याच्या भिंतीला टाचण्यांनी लावला आणि समोर उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आई दाराच्या चौकटीला धरून, पदर डोक्यावर घेऊन उभी. बऱ्याच वेळानं ते तिच्याकडं वळले.

"आक्का, खरं सांगू ना?"

"खरंच सांगा, मास्तर."

"हा देव नाही. हे दानपत्र आहे. कुणीतरी काहीतरी दिलं, ते दगडावर कोरून ठेवलंय."

"बरं," आई म्हणाली. एवढंच. आणि चौकटीला टेकून हळूच खाली बसली. तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. रडत नव्हती. हातातलं कुणी काढून घेतल्यावर माणूस रिकाम्या हाताकडं बघतं, तशी ती आपल्या तळव्यांकडं बघत होती. मला माझीच लाज वाटली.

सर बहुधा तिला थोडा वेळ द्यावा म्हणूनच मूळ लेख मोठ्यानं वाचायला लागले. जुनं कन्नड, संथ, मंत्रासारखं. मला एक अक्षर कळेना. पण आईचं माहेर काकतीच्या पलीकडचं, कन्नड मुलखातलं. आमच्या घरी आल्यापासून तिनं ते बोलणं गुंडाळून ठेवलं होतं. सर वाचत होते आणि तिनं एकदम मान वर केली.

"थांबा. आत्ता काय म्हंटलासा? एण्णे?"

"होय. एण्णे."

"एण्णी म्हंजे तेल की!"

सर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी बोटानं ओळ धरून सगळा अर्थ सांगितला. इथं कधीकाळी देऊळ होतं. एका बाईनं आपलं शेत देवळाच्या दिव्यासाठी दिलं. तिच्या नावाच्या जागी दगडाचा टवका उडाला होता, पण बाई होती एवढं नक्की. तिची अट एकच. या शेताचं पीक जो कुणी खाईल, त्यानं नंदादीपाला तेल द्यावं. चंद्रसूर्य असेपर्यंत.

"किती वर्सं झाली ह्येला?" आप्पांनी विचारलं.

"अक्षरांवरून सात-आठशे तरी."

आप्पा भिंतीवरच्या कागदाजवळ सरकले. मग सरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आक्का, दगडाला तेल घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सासूनं."

"त्यांना?"

"तिच्या सासूनं. ती म्हणायची, ह्या रानाचं खातोय तर तेल चुकवायचं न्हाय. का, ते तिला बी ठावं नव्हतं."

सरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि घोंगड्यावर बसले. देऊळ गेलं होतं, त्याचा एक चिराही उरला नव्हता. ज्या राजाच्या राज्यात ते कोरलं, तो गेला, त्याच्यानंतरचे किती आले आणि गेले. गावाची बोली बदलली, लेख वाचता येणारं कुणी राहिलं नाही, लेख आहे हेच कुणाला माहीत राहिलं नाही. आणि तेल मात्र येत होतं. सासूनं सुनेला सांगितलं, सुनेनं तिच्या सुनेला. कागद नाही, अक्षर नाही. मी त्या बायकांच्या रांगेच्या टोकाला बसलेल्या माझ्या आईकडं बघितलं, आणि भीतीनं वाटतं तसं काहीतरी मला वाटलं. भीती नव्हती ती. इतकं मोठं काहीतरी आपल्याच घरात होतं, आणि मी रोज कोट घालून इतिहास शिकायला बेळगावला जात होतो.

निघताना सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता दगडावर तेल ओतू नका, असं सांगायला आलो होतो. अक्षरं पुन्हा बुजतील. पण माझी जीभ उचलत नाही." माझीही उचलली नाही. निबंध मी लिहिला. सरांनी त्यावर लाल शाईनं एकही खूण केली नाही, आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलं: या निबंधात आईचं नावही लेखक म्हणून हवं होतं.

पुढची अवस आठ दिवसांनी आली. दिवस कलायच्या सुमाराला आईनं नेहमीसारखं तेल काढून घेतलं. मी न बोलता तिच्यामागं गेलो. धुतलेला दगड उन्हात निळा दिसत होता, ओळीच्या ओळी उघड्या. तिनं वाटी उचलली, माथ्याजवळ नेली आणि थांबली. लेखावरून तिनं बोट फिरवलं, टवका उडालेल्या जागेपाशी थोडा वेळ ठेवलं. मग वाटी खाली ठेवून कनवटीतून एक पणती काढली. दगडाच्या पायाशी, जिथं मला सव्वा महिन्याचा असताना ठेवलं होतं, तिथं ती मांडली, तेल घातलं, वात ओढली. आपली चूक तिला कुणी न सांगताच उमगली होती. तेल दगडाला मागितलं नव्हतं, दिव्याला मागितलं होतं.

तिनं दिवा लावला आणि हात जोडले. मला वाटलं, माझ्यासाठी काही मागेल. पण ती त्या नाव नसलेल्या बाईशी, शेजारणीशी बोलावं तशी बोलली.

"लई वर्सं चुकीच्या जागी घातलं गं आमी. आता हे घे तुजा दिवा."